वाफेचा निचरा

कालव्याच्या कडेला नुकत्याच बांधलेल्या एका बंगल्यातून पौषात बोलावणं आलं. वास्तुशांत होऊन जेमतेम सहा महिने झाले होते, पण बाथरूमच्या छताला कोपऱ्यांत काळे ठिपके उठले होते. टाइल्सच्या वरच्या पट्टीतला रंग पोपडे धरून सुटत होता. सकाळच्या तीन आंघोळी झाल्या की आरसा दुपारपर्यंत धुरकट, आणि टॉवेलला कायमचा कुबट वास. घरमालकांनी त्यावर उपाय म्हणून बारामतीहून बारा इंची एक्झॉस्ट पंखा आणून बसवला होता. चालू केला की ट्रॅक्टर जवळून गेल्यासारखा आवाज यायचा.

"वायरमन, हा काही ओढत नाही. ह्याच्याहून मोठा बसवा," ते म्हणाले.

मी देवघरातून एक उदबत्ती मागून घेतली. दार लावलं, खिडकी बंद होतीच. पंखा सुरू केला आणि उदबत्ती दाराजवळ धरली. धूर सरळ वर जात राहिला. पंख्याजवळ नेली, तर धूर जाळीपाशी जाऊन गरगरत परत खोलीतच येत होता. मग दार चार बोटं उघडलं. धुराची दोरी वाकली, छताखालून सरकत गेली आणि बाहेर पडली.

"पंखा चांगला आहे, दादा. त्याला ओढायला हवाच मिळत नाही," मी सांगितलं. दार नवं, खाली-वर घट्ट, चौकटीला रबराची पट्टी. दार खालून एक इंच कापावं लागेल म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. दाराची किंमत मला माहीत होती. थोडा वेळ ते उंबऱ्याकडे बघत उभे राहिले आणि मग त्यांनीच म्हटलं, "म्हणजे तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडतो, तसं."

मला जे समजावायला दहा मिनिटं लागली असती, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक असेल तर तेल गचके खात येतं; समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. सुताराने दार कापलं, कापलेली कड रंग लावून बंद केली. बारा इंचीची तिथे गरजच नव्हती; तो काढून मी सहा इंची बसवला. आठवड्याने छत कोरडं होतं.

या कामात मला आता पंचवीस वर्षांहून जास्त काळ झाला. लासुर्णे, बेलवाडी, जंक्शन, अंथुर्णे, आसपासच्या वाड्यावस्त्या हेच माझं क्षेत्र. सुरुवातीची कितीतरी वर्षं एक्झॉस्ट पंखा स्वयंपाकघरात बसवायचा असतो एवढंच लोकांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर बाथरूममध्ये त्याची गरजही नव्हती. माझ्या लहानपणी आमची न्हाणी घराच्या मागे होती. तीन बाजूंनी छातीभर उंचीच्या भिंती, वर आभाळ, खाली शहाबादी फरशी, आणि पाणी मोरीतून थेट अळूच्या वाफ्यात. तांब्याचा बंब अंगणात पेटायचा. वाफ आली तशी गेली. पुढे भिंती उंच झाल्या, पत्रे आले, पण पत्रा आणि भिंत यांच्यात वीतभर फट असायची. ओल राहावी अशी ती जागाच नव्हती. मग स्लॅब आला. न्हाणी घरात आली, बेडरूमला चिकटली. फटी बुजल्या, सरकत्या काचा आल्या, घरातल्या घरात गरम पाणी आलं. हे सगळं चांगलंच झालं. थंडीत अंगणात आंघोळ करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे आणि बाळंतिणींचे हाल मी पाहिले आहेत. पण पाणी आत आणताना वाफ बाहेर कशी जाईल, हे घर बांधताना कोणी विचारलं नाही.

पाणी आणायचं आणि निचरा विसरायचा, हे आमच्या भागाला नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, भाटघर धरणाचं पाणी आलं, पुढे वीर धरण झालं. कोरडवाहू मुलूख उसाने हिरवा झाला. पण जिथे पाट भरून पाणी दिलं आणि निचऱ्याची सोय केली नाही, तिथे जमिनी खारवट-चोपण झाल्या. उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटलेलं अजून दिसतं. ज्यांनी वेळेत चर खोदले, जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घातले, त्यांच्या जमिनी वाचल्या. मी बाथरूमच्या भिंतीवर पांढरं फुटलेलं पाहतो तेव्हा मला तीच जमीन आठवते. घरमालकाला "निचरा नाही" एवढं म्हटलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

हवेची वाट ओळखायला मी एका साखर कारखान्यात शिकलो. आयटीआय झाल्यावर दोन हंगाम तिथे इलेक्ट्रिक खात्यात मदतनीस होतो. बॉयलिंग हाऊसमध्ये रस आटतो, साखरेचा पाक शिजतो; तिथे उभं राहिलं की दहा मिनिटांत सदरा अंगाला चिकटतो. एकदा वर चढून काम करायला सांगितलं. छपराच्या अगदी शेंड्यावर दोन्ही बाजूंना फट ठेवलेलं आणखी एक छोटं छप्पर असतं. त्या फटीपाशी हात धरला तर गरम हवेचा झोत लागत होता. खाली मात्र मोठी दारं सताड उघडी. खालून थंड हवा येते, वरून गरम जाते, आणि एवढ्या मोठ्या इमारतीला त्यासाठी पंखा लागत नाही. आमच्या फोरमननी तेव्हा सांगितलं होतं की पंखा बसवायच्या आधी हवा कुठून येणार ते बघ. मी अजून तेच आधी बघतो.

पंखा केवढा घ्यायचा, याचा हिशोब अवघड नाही. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणायची; येईल ते घनफूट. त्याला 35 ने भागलं की घनमीटर. पाच बाय सातची बाथरूम, नऊ फूट उंच, म्हणजे 315 घनफूट, नऊ घनमीटर. खोलीतली हवा तासाला दहा वेळा बदलावी असं धरलं तर तासाला 90 घनमीटर हवा ओढणारा पंखा हवा. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. पण तो मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी, झडपा, दोन फूट पाइप आणि एखादा वाक आला की पंखा तेवढी हवा काढत नाही. म्हणून मी दीडपट धरतो. लहान बाथरूमला सहा इंची पंखा पुरून उरतो. चार इंचीही चालतो, पण तो सरळ भिंतीतून बाहेर निघत असेल तरच. काही खोक्यांवर तासाऐवजी मिनिटाला किती घनफूट असं लिहिलेलं असतं. त्या आकड्याला 1.7 ने गुणलं की तासाचे घनमीटर मिळतात. दुकानात हे विचारलं तर बहुतेक वेळा रंग कोणता हवा ते विचारतात. खोकं आपणच वाचावं.

दाराखालच्या फटीचाही हिशोब आहे. सहा इंची पंख्याच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण 28 चौरस इंच. अडीच फुटी दाराखाली एक इंच फट ठेवली तर 30 चौरस इंच. जेवढी हवा जायची तेवढीच यायची. दार कापायचं नसेल तर खालच्या बाजूला पट्ट्यांची जाळी बसवता येते.

मोटर बघताना मी दोन गोष्टी विचारतो: बेअरिंग बॉलचं आहे की बुश, आणि पाण्याचे शिंतोडे सहन करेल अशी ती बंदिस्त आहे का. बुशवाला पंखा स्वस्त पडतो आणि शांतही चालतो, पण वाफेत त्याचं तेल लवकर सुकतं. रोज तासन्‌तास चालणार असेल तर बॉल बेअरिंगचा घ्यावा. बाहेरच्या बाजूला हवेच्या दाबाने उघडणाऱ्या आणि पंखा बंद झाला की आपोआप मिटणाऱ्या झडपा हव्यातच. त्या नसतील तर रात्री तिथून डास येतात, हिवाळ्यात गार वारा येतो, आणि कुंभारीण माशी मोटरवर मातीचं घर बांधते. ही माशी आमच्याकडे फार. मी मोटरच्या फटीत तिची घरं काढली आहेत, दगडासारखी घट्ट.

कोणत्या भिंतीत बसवायचा, यावर मी पूर्वी विचार करत नसे. मग आषाढातल्या पश्चिमेच्या वाऱ्याने शिकवलं. आमचा भाग पर्जन्यछायेतला, पाऊस थोडा, पण वारा जोराचा. पश्चिमेच्या भिंतीतला पंखा त्या दिवसांत वाऱ्याशी झगडत बसतो, झडपा उघडतच नाहीत, आणि थोडा जो पाऊस येतो तो थेट मोटरवर. जमेल तिथे मी पूर्व किंवा उत्तर धरतो. नाही जमलं तर बाहेरून खाली तोंड असलेली टोपी लावतो आणि भोकाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार ठेवायला गवंड्याला सांगतो. जागा छताजवळ, दाराच्या समोरच्या बाजूला. पंखा दाराशेजारीच बसवला तर दाराखालून आलेली हवा सरळ पंख्याकडे जाते आणि नळाकडची वाफ तिथेच राहते. आणखी एक: पंखा हातात आल्याशिवाय भोक पाडू नये. पंखा सहा इंची म्हणजे पातं सहा इंची. चौकट मोठी असते.

एक चूक माझ्या हातून झाली ती इथे सांगायलाच हवी. सुरुवातीच्या वर्षांत एका घरात बाथरूमची एकही भिंत बाहेरच्या बाजूला नव्हती. मी पंख्याचं तोंड छताखालच्या माळ्यात सोडलं. वाफ डोळ्यांआड झाली आणि माझं काम झालं, असं मला वाटलं. त्या माळ्यावर घरातल्या आजींनी पेटीत गोधड्या ठेवल्या होत्या. लेकीच्या, सुनेच्या, जुन्या लुगड्यांच्या. दिवाळीनंतर थंडीसाठी काढल्या तेव्हा त्या सगळ्यांवर हिरवट बुरशी. काहींची शिवण हाताने ओढली तरी सुटत होती. आजी मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी त्या गोधड्या उन्हात टाकल्या आणि त्यांच्याजवळ बसून राहिल्या. मी दुसऱ्या दिवशी पाइप आणून माळ्यातून आरपार बाहेरच्या भिंतीपर्यंत नेला, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. पण गोधड्या परत येणार नव्हत्या. तेव्हापासून वाफ उघड्यावर सोडता येत नसेल तर मी पंखा बसवत नाही.

आता गॅस गिझरविषयी. हे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण हा जिवाचा प्रश्न आहे.

आमच्याकडे विजेचा भरवसा नव्हता तेव्हा गॅस गिझर झपाट्याने पसरले. सिलिंडर घरात आहेच, बटण दाबलं की गरम पाणी. जागा वाचवायला तो बाथरूमच्या आतच लावतात. मग कोणीतरी सांगतं की आत गॅस जळतो, हवा लागते, एक्झॉस्ट पंखा बसवून घ्या. असे पंखे मीही बसवले आहेत. एका थंडीत सकाळी सहाच्या सुमाराला शेजारच्या वस्तीवरून फोन आला. घरातली सून आंघोळीला गेली ती बराच वेळ बाहेर आली नव्हती. दार फोडलं तर ती खाली पडलेली. माणसांनी गिझर बंद केला, तिला उचलून अंगणात आणलं, गाडीत घालून बारामतीला दवाखान्यात नेलं, तिथे ऑक्सिजन लावला. ती वाचली. मी पोचलो तेव्हा घरात फक्त तिची सासू होती, ओट्यावर बसलेली. ती एवढंच म्हणाली, "पंखा होता की रं."

पंखा होता. पण त्या पहाटे लाइट गेली होती. पंखा विजेवर चालतो आणि थांबला; गिझर दोन सेलवर पेटतो, तो जळत राहिला. बंद खोलीत हवा संपत आली की गॅस पुरता जळत नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, पाय लुळे पडतात, आणि दाराची कडी काढायचं भानही राहत नाही.

त्या दिवसापासून मी एक ठरवलं. गॅस गिझर बाथरूममध्ये असेल तर पंखा बसवायचं काम घेत नाही. आधी गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर घ्या, फक्त गरम पाण्याचा पाइप आत येऊ द्या. गिझर बाहेर हलवायला लागणारी मदत मी करतो. बाहेर म्हणजे खरंच उघड्यावर. बंद बोळात नाही, जिन्याखाली नाही, आणि बाथरूमच्या खिडकीखाली तर नाहीच. काही गिझरांना धूर बाहेर नेणारी नळी असते, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण दार-खिडकी बंद करून जोराचा पंखा लावला तर तो हवा मिळेल तिथून ओढतो, आणि त्या नळीतून बाहेर जाणारा धूरच उलटा आत आणू शकतो. काही घरं नाराज होतात, दुसऱ्याला बोलावून काम करून घेतात. त्यांच्यासाठी मला वाईट वाटतं, पण माझ्या हाताने मी खोटा दिलासा बसवून देणार नाही.

विजेचा गिझर असेल तरी अर्थिंग आधी तपासतो. जुन्या घरांत तिसरी वायर बोर्डापर्यंत आलेली असते आणि पुढे कुठेच जोडलेली नसते. ओल्या अंगाने माणूस उभा असतो त्या खोलीत हे चालणार नाही. 30 मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी बसवायला मी हट्टच धरतो, आणि पंख्याचं बटण बाथरूमच्या बाहेर.

देखभालीचं वेळापत्रक आमच्याकडे ऊसच ठरवतो. हंगाम सुरू झाला की पाचट जळतं, काळी काजळी वाऱ्यावर गावभर फिरते, कारखान्यांच्या धुराड्यांची राख वेगळी. ती वाफेने ओल्या झालेल्या पात्यांवर बसते, त्यात साबणाचा आणि टॉवेलच्या तंतूंचा थर मिसळतो. हंगाम संपताना पंखा उघडला तर पात्यांच्या कडा बोटभर जाड झालेल्या असतात. पंखा तेवढाच फिरतो पण हवा अर्धीसुद्धा काढत नाही. म्हणून दोनदा साफ करायचा: एकदा दिवाळीच्या आवराआवरीत, एकदा हंगाम संपल्यावर. नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी खाली पाडायचा. जाळी काढायची. पात्याच्या मधल्या टोपीला बऱ्याच पंख्यांत उलटे आटे असतात. नेहमीच्या बाजूने पिळली तर ती आणखी घट्ट होते आणि तुटते. पाती कोमट साबणपाण्यात भिजवायची. रॉकेल, थिनर लावू नये, प्लॅस्टिक चिरतं. मोटर पाण्याखाली न्यायची नाही, सुक्या ब्रशने झाडायची. बुशवाला पंखा असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. खोबरेल घालणारे पुष्कळ. ते थंडीत गोठतं, मग डिंकासारखं चिकटतं. बंद बॉल बेअरिंगला काहीच घालायचं नाही.

पंखा बिघडायच्या आधी बोलतो. नुसता घूं आवाज येतो आणि फिरत नाही, तर वीज बंद करून बोटाने पातं फिरवून बघावं. मोकळं फिरलं तर बहुधा कंडेन्सर गेला, जड लागलं तर बुश सुकला. टक-टक म्हणजे पातं कुठेतरी घासतंय. खर्र-खर्र म्हणजे बेअरिंग. अडकलेला पंखा तसाच चालू ठेवला तर मोटर तापत राहते, वाइंडिंग जळतं, चौकटीचं प्लॅस्टिक मऊ पडतं. हे "बघू पुढच्या महिन्यात" म्हणण्यासारखं नाही.

आणि बिलाची भीती. आंघोळ करून माणूस बाहेर येतो आणि दिव्याबरोबर पंखाही बंद करतो. घरातली मोठी माणसं तर जाता-येता बटण बघतात. मी त्यांच्यासमोर बसून हिशोब मांडतो. पंखा साधारण 30 वॅटचा, रोज एक तास चालला तर महिन्याला 900 वॅट-तास, म्हणजे एक युनिटही पुरं होत नाही. आंघोळीनंतर वीस मिनिटं तो चालायलाच हवा, कारण खरी ओल तेव्हाच भिंतीवर बसत असते. हे पटतं. एका घरी तर आजोबांनीच पंख्याच्या बटणावर रंगाने ठिपका दिला आणि नातवंडांना दम दिला की याला हात लावायचा नाही.

आषाढात आमच्या रस्त्याने तुकोबांची पालखी जाते. बेलवाडीचं गोल रिंगण झालं की वारकऱ्यांचा लोंढा लासुर्ण्याकडे येतो. त्या दिवशी रस्त्याकडेची घरं आपापल्या बाथरूमची दारं उघडून देतात. पहाटेपासून बायाबापड्या रांगेत, बादल्या भरलेल्या, पंखे दिवसभर सुरू. पालखी पुढे गेली की आठवडाभर मी त्याच घरांतून फिरतो, जाळ्या काढतो, पाती धुतो. माझी आई या कामाचे पैसे घेऊ देत नाही.

यंदा एका घरी पंखा चालू करू नका असं मला दारातच सांगितलं. झडप एका बाजूने तुटली होती आणि चिमणीने आत काड्या भरल्या होत्या. टॉर्च लावून पाहिलं तर तीन पिल्लं, अजून पिसं नीट न आलेली. घरच्या मुलीने पालखीच्या आधीच ती पाहिली होती, बटणावर चिकटपट्टी लावून ठेवली होती, आणि बाथरूमची खिडकी सगळ्यांना उघडी ठेवायला लावली होती. मी एमसीबीसुद्धा पाडून ठेवला. दोन आठवड्यांनी तिचा फोन आला की घरटं रिकामं झालं. नवी झडप आणि बारीक जाळी घेऊन मी त्याच दुपारी गेलो.